बिस्किट जेवत नाही

परबसिस्टरना ‘भूक नाही’ हे दोन शब्द कळत नसत. अरबी कळायचं, मल्याळम कळायचं, वॉर्डातल्या फिलिपिनो पोरी आपसात काय कुजबुजतात तेही कळायचं. पण कोणी ‘भूक नाही’ म्हटलं की त्या कपाळाला आठी घालून विचारायच्या, “म्हणजे काय?” आणि उत्तराची वाट न बघता वाढायला घ्यायच्या.

कुवेतच्या एका हॉस्पिटलात त्या बायकांच्या मेडिकल वॉर्डात होत्या आणि मी खाली लॅबमध्ये टेक्निशियन. त्या कुडाळच्या, मी सोलापूरचा. इकडे देशात असतो तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण मी नवीन होतो तेव्हा जलीबमध्ये, कामगारांच्या वस्तीत, चौघांत एका खोलीत राहायचो, आणि तापाने आडवा झालो होतो. रक्ताचा नमुना द्यायला माझ्याच लॅबमध्ये गेलो, तर या बाई रिपोर्ट न्यायला आलेल्या. मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “काय खाल्लंस सकाळपासून?” मी म्हटलं, भूक नाही. झालं! संध्याकाळी त्या डबा घेऊन जलीबच्या त्या गल्लीत हजर. तांदळाची पेज, वर मेतकूट, बरोबर भाजलेला पापड. माझे तिघे रूममेट पलंगावरून उठून उभे राहिले, जणू शाळेत इन्स्पेक्टर आलाय. पेज पोटात जाईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, “उद्या डबा परत आण. धुऊन आण.” डबा परत करायला गेलो, तो जेवूनच आलो. पुढे त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, फरवानियाला, मला जागा मिळाली आणि माझं वजन वाढायला लागलं ते लागलंच.

वॉर्डात त्यांचा दबदबा होता तो याच गोष्टीसाठी. दस्मानकडची एक कुवेती आजी तीन दिवस तोंडच उघडेना. मुली रडकुंडीला आलेल्या, डॉक्टर नाकातून नळी घालायच्या तयारीत. परबसिस्टरनी पडदा ओढला, आजीच्या समोर खुर्ची टाकली, आणि आजीसाठी आलेल्या गव्हा-मटणाच्या खिमटीतला एक चमचा सरळ स्वतःच्या तोंडात घातला. तोंड वाकडं केलं. मग अरबीत, आजीला आई म्हणत, “यम्मा, याला काही चव नाही. मला तर वाटतं मीठच विसरलेत. तुम्हीच सांगा.” आजीने संशयाने बघितलं, चमचा हिसकावला, चाखलं, आणि मीठ, तूप, दालचिनी यांवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. व्याख्यान संपलं तेव्हा वाटीही संपली होती. नळी तशीच पाकिटात राहिली. त्या घरून नंतर दर रमजानला खजुराचं खोकं यायचं, आणि ते खजूरही आम्हालाच संपवायला लागायचे.

तर अशा या बाईंच्या घरात एक प्राणी आला, जो त्यांच्या हातचं खाईना. हीच गोष्ट सांगायची आहे.

आधी घर सांगतो. नवरा, म्हणजे परबसाहेब, मीना अब्दुल्लाला रिफायनरीत शिफ्टमध्ये. सज्जन माणूस. मी त्यांना जागं फार थोड्या वेळा पाहिलंय. आणि एकुलता एक मुलगा निनाद. कुवेतमध्येच जन्मला, कुवेतमध्येच वाढला. आईने मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, अशी त्या घरची पद्धत होती. या निनादने चौदाव्या वर्षी हट्ट करून हॉलमध्ये काचेच्या बॉक्सात एक साप पाळला. आफ्रिकेतला अजगर, पण बुटका आणि जाडा. बॉल पायथन म्हणतात. विष नाही, काही नाही. घाबरला की स्वतःचाच गोळा करून बसतो. अंगावर तपकिरी आणि पिवळसर नक्षी, म्हणून नाव ठेवलं बिस्किट. मला हे सगळं निनादने समजावलं ते मी दाराबाहेर उभं राहून ऐकलं. आम्ही सोलापूरचे, सापाला लांबूनच हात जोडतो.

चार वर्षं सिस्टरनी त्या सापाशी संबंध ठेवला नाही. “माझ्या स्वयंपाकघराच्या बाहेर काय ते करा,” एवढाच करार. तोही निम्मा मोडलेला, कारण सापाचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर, आणि ते त्यांच्याच फ्रीझरमध्ये, बांगडे आणि ओल्या खोबऱ्याच्या शेजारी, एका निळ्या डब्यात. हे कळल्यापासून त्यांच्याकडे मी बर्फाचं पाणी प्यालो नाही.

मग बारावी झाली आणि घरात ठिणगी पडली. सिस्टरना मुलाने पुण्याला फार्मसी करावी असं वाटत होतं. त्याला कॅनडात जाऊन प्राण्यांचं काहीतरी शिकायचं होतं. तीन महिने दोघं एकमेकांशी नीट बोलले नाहीत. शेवटी तो गेला कॅनडालाच. एअरपोर्टवर मी होतो. आईने डब्यात घावणे दिले होते, ते त्याने “आई, दे वोंट अलाउ इट” म्हणून परत केले. तोंड फिरवून चालायला लागला, मग परत आला. सिस्टरना वाटलं, पाया पडतोय. तो म्हणाला, “आई, बिस्किटला सांभाळशील ना? प्लीज. डिसेंबरपर्यंत. प्रॉमिस?” या बाईंनी प्रॉमिस केलं. घावणे आम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसून खाल्ले. 

मुलगा गेला आणि फोनवरून नाहीसाच झाला. “पोचलास?” यस. “थंडी आहे?” यस. “राजा, जेवलास का?” यावर तर नुसत्या वाचल्याच्या दोन निळ्या रेघा. सिस्टर ड्युटी संपवून घरी यायच्या, फोन समोर ठेवायच्या आणि कपाट आवरायला काढायच्या. एकच कपाट चार वेळा आवरलेलं मी पाहिलं.

आणि तिसऱ्या आठवड्यात बिस्किटने उंदीर नाकारला.

सिस्टरनी हे निनादला कळवलं मात्र, त्याच संध्याकाळी आठ वाजता फोन वाजला. व्हिडिओ कॉल! कॅनडात तेव्हा दुपारची जेवणाची सुट्टी. “डिड ही ईट?” “नाही रे.” “ओके. आय विल कॉल टुमॉरो.” दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ वाजता. तिसऱ्या दिवशीही. पोरगा रोज फोन करायला लागला. विषय एकच, साप. पण करायला तर लागला! सिस्टर पावणेआठला वेणी घालून, पावडर लावून बसायच्या.

आता बाईंचा जीव दोन्हीकडून टांगणीला. साप जेवला नाही आणि उद्या मेला, तर पोराला काय सांगायचं? “माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीन त्याने,” मला म्हणाल्या, “तीही मला नाही जमली तर तो परत कशाला येईल माझ्या दारात?” डोळे पुसले, पदर खोचला आणि कामाला लागल्या.

बिस्किटला त्यांनी रीतसर ॲडमिट करून घेतलं. फ्रिजवर इनटेक-आऊटपुटचा चार्ट लागला. तो चार्ट मी वाचलाय. “सकाळी ७: नकार. सकाळी १०: नकार. दुपारी २: मान फिरवली. सायंकाळी ५: नकार, परंतु नजरेत इच्छा दिसली.” मी विचारलं, “सिस्टर, सापाच्या नजरेत इच्छा कशी दिसते?” त्या म्हणाल्या, “तीस वर्षं पेशंट बघतेय, मला शिकवू नकोस. झाकण धर.”

झाकण धरायची ड्युटी माझी. मी तोंड फिरवून उभा आणि यांचं सुरू. पापड भाजायच्या चिमट्यात उंदीर धरून त्या बिस्किटच्या नाकासमोर हलवायच्या. सुरुवातीला गोड आवाजात, “खा रे बाबा, एवढा एकच. हा बघ, किती छान.” मग जरा मोठ्याने, “अर्धा तरी खा.” आणि पाच मिनिटांनी चढत्या आवाजात कुडाळ बाहेर यायचं, “अरे मेल्या, तुका होया तरी काय ता सांग! माझ्या हातचा खाऊक काय झाला?” बिस्किट गोळा व्हायचा. डोकं आत, शेपूट आत. मी मनात म्हणायचो, बाबा रे, मलाही असंच करता आलं असतं तर माझं वजन वाढलं नसतं.

युक्त्याही सगळ्या करून झाल्या. एके दिवशी पाहतो तर उंदराला साजूक तूप. एकदा मटणाच्या अळणी रश्शात बुडवलेला. एकदा तर त्या काचेसमोर स्टूल टाकून, ताटात भात आणि बांगड्याचं तिखलं घेऊन, सापाकडे बघत बघत जेवत होत्या, तोंडाने “अहाहा” म्हणत. दस्मानच्या आजीवर चाललेली युक्ती इथे काही चालली नाही. परबसाहेब नेमके तेव्हा उठून पाणी प्यायला आले. हे दृश्य बघितलं, पाणी प्यायले आणि परत जाऊन झोपले.

बातमी बिल्डिंगभर झाली होतीच. आपल्याकडे घरात कोणी जेवत नाही म्हटल्यावर लोक बघायला येणारच. शेजारच्या रहिमतभाभी, म्हसळ्याच्या, रोज एकदा यायच्या. काचेला नाक लावून बघायच्या आणि निदान करायच्या, “पोराची आठवण येते त्याला. बघा ना, तोंड कसं उतरलंय.” एकदा मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि त्याची दृष्ट काढून गेल्या. त्या धुराने आम्ही तिघं खोकत होतो, साप तेवढा शांत. बिल्डिंगचा हारिस, आपल्याकडचा वॉचमन म्हणा ना, तो मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, तोही येऊन काचेवर टकटक करून गेला. कोणाची पोरं आली, कोणी टॉर्च मारला, कोणी फोटो काढले. प्रत्येकाला सिस्टर झाकण उघडून दाखवायच्या आणि प्रत्येकाला चहा द्यायच्या. बिचाऱ्या बिस्किटने जन्मात एवढी माणसं पाहिली नसतील.

निनाद फोनवर विचारायचा, “आई, टेम्परेचर ओके?” त्या छातीठोकपणे सांगायच्या, “एकदम ओके.” यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या मते होतंच.

दोन महिने झाले. चार्टाची वही झाली. सिस्टर स्वतः वाळायला लागल्या. वॉर्डातल्या पोरी मला विचारायच्या, सिस्टरना बरं नाही का? मी काय सांगणार, घरी पेशंट आहे म्हणायचो. शेवटी एका शनिवारी मीच म्हटलं, “चला, डॉक्टरकडे नेऊ.” बिस्किटला प्लॅस्टिकच्या डब्यात घातलं, वर भोकं पाडली, आणि सिस्टर तो डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसल्या. वाटेत प्रत्येक सिग्नलला मला सांगत होत्या, “हळू ब्रेक दाब, रिकाम्या पोटी आहे तो.” माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि डब्याच्या झाकणावर जास्त.

प्राण्यांचा डॉक्टर केरळचा निघाला, तरुण, शांत. सिस्टरनी त्याच्यापुढे वही ठेवली आणि वॉर्डात राऊंडला सांगतात तशी सगळी हिस्टरी उभ्या उभ्या सांगितली. त्याने तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं, वजन केलं. मग हिंदीत विचारलं, “हीटर कितने पे रखा है?”

“हीटर?” सिस्टर हसल्या. “डॉक्टरसाब, बेटा गया तब बाहर अड़तालीस डिग्री था! मुलगा ठेवून गेला होता बॉक्सखाली, मी पहिल्याच आठवड्यात काढला. हॉल का एसी अठरा पे रखती हूँ. एकदम थंडा-थंडा. उसको बिल्कुल गर्मी नहीं होती.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग एकेक गोष्ट विचारत गेला. दिवसातून किती वेळा खायला देता? चार. बाहेर काढता? दोनदा, अंग मोकळं व्हायला. लोक येतात? येतात की, काळजी वाटते सगळ्यांना.  माणूस भला असावा, कारण हसला नाही.

मग समजावून सांगितलं. सापाचं अंग गार पडलं की त्याला खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो खातच नाही. त्याला कोणी सारखं हाताळलं, सारखं डोकावलं, की त्याला वाटतं शिकारी आलाय. मग तो लपतो. लपलेला साप जेवायला बसत नाही. “सिस्टर, बीमार नहीं है. इसको अकेला छोड़ दीजिए. हीटर लगाइए, बॉक्स के ऊपर कपड़ा डालिए. सात दिन कोई देखेगा नहीं, कोई हाथ नहीं लगाएगा, खाना भी मत दीजिए. आठवें दिन एक बार रखिए और कमरे से बाहर जाइए.”

“और मैं क्या करूँ?” सिस्टरनी विचारलं.

“कुछ नहीं.”

तीस वर्षांच्या नोकरीत इतकी अवघड ऑर्डर त्यांना कोणी दिली नसावी. त्यांनी ती वहीत लिहून घेतली. आम्ही निघालो तेव्हा डॉक्टर सहज म्हणाला, घाबरू नका, या जातीचा साप पाच-सहा महिनेसुद्धा उपाशी राहतो, काही होत नाही. ज्याने पाळलाय त्याला हे माहीत असतं.

 परतताना अर्ध्या वाटेवर सिस्टर म्हणाल्या, “निनादला माहीत असेल हे?”

“असणारच. चार वर्षं पाळलाय त्याने. रात्रंदिवस त्याचीच पुस्तकं वाचायचा.”

“मग रोज कशाला विचारतो?”

 मलाही तेव्हाच उमगलं होतं. पोराला सापाची काळजी नव्हती. आईशी भांडून गेलेल्या पोराला रोज फोन करायला काहीतरी कारण हवं होतं, आणि बिस्किटने ते दिलं होतं. सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग डब्यावरून हात फिरवायला गेल्या, डॉक्टरचं आठवलं आणि हात मागे घेतला.

ते सात दिवस मी विसरणार नाही. बॉक्सवर त्यांनी जुनी नऊवारी घातली. रहिमतभाभींना दारातूनच चहा पाजून परत पाठवलं. स्वतः मात्र त्या हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये अशा फेऱ्या घालत. नऊवारीच्या टोकाशी हात जायचा, मी खाकरायचो, हात मागे यायचा. सगळा आग्रह मग माझ्यावर उतरला. त्या आठवड्यात मी जेवढे आंबोळ्या-घावणे खाल्ले, तेवढे कुडाळच्या जावयालाही मिळाले नसतील.

मधल्या काळात माझंही ठरलं होतं. कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द करून कायमचं सोलापूरला जायचं. शनिवारची संध्याकाळ, आठवा दिवस, आणि माझं त्यांच्याकडचं शेवटचं जेवण. पावणेसातला सिस्टरनी कोमट केलेला उंदीर कपडा किंचित उचलून आत ठेवला. तूप नाही, रस्सा नाही, शब्द नाही. आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बसलो. त्या वाटाणे सोलत होत्या. सोललेले वाटाणे पुन्हा सालांत टाकत होत्या, तेही त्यांना कळत नव्हतं.

तासाभराने त्या उठल्या. मला म्हणाल्या, “तू बघ. माझ्याने नाही होत.” मी, सापाला लांबून हात जोडणारा माणूस, एकट्याने हॉलमध्ये गेलो आणि नऊवारीचं टोक उचललं. उंदीर नव्हता. बिस्किट पसरून पडला होता, आणि त्याच्या मधोमध चांगला लिंबाएवढा फुगवटा.

“सिस्टर!” मी ओरडलो. “खाल्लं!”

त्या धावत आल्या. बघितलं. दोन्ही हात तोंडावर ठेवून त्या खालीच बसल्या आणि घळाघळा रडायला लागल्या. मग हसायला लागल्या. मला म्हणाल्या, “बघितलंस? खाल्लान् रे, खाल्लान्!” आतल्या खोलीत जाऊन त्यांनी परबसाहेबांना उठवलं. ते आले, बघितलं, “छान” म्हणाले, आणि चक्क जागे राहिले.

तेवढ्यात आठ वाजले. फोन वाजला.

सिस्टरनी डोळे पुसले. वेणी घातलेली नव्हती, पावडर नव्हती. फोनकडे दोन रिंग होईपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, आनंदाने शब्द फुटत नसतील. मग त्यांनी उचलला.

“आई, डिड ही ईट?”

“नाही रे,” सिस्टर म्हणाल्या. “कुठला खातोय!”

मी आणि परबसाहेबांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. पण खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे फोन तोंडासमोर धरवेना. त्यांनी फोन आधाराला बॉक्सच्या काचेवरच टेकवला, त्यात बोट लागून मागचा कॅमेरा सुरू झाला, आणि तो सरळ आत रोखलेला. नऊवारी मी उचलून बाजूला केलेली. आत, हीटरच्या उबेला, तृप्त बिस्किट पोट दाखवत पडलेला.

 मी मनात म्हटलं, आटोपलं. पकडली गेली बाई. आता तो हसेल, ‘गुड’ म्हणेल, आणि पुन्हा त्या दोन निळ्या रेघा.

स्क्रीनवर पोराचा चेहरा दिसत होता. मागे बर्फ पडत होता आणि त्याने कानटोपी घातली होती. त्याने बिस्किटकडे नीट बघितलं. फुगवटा त्याला दिसला नाही असं होणंच शक्य नव्हतं. मग तो म्हणाला, आणि मराठीत म्हणाला,

“आई, उद्यापण नाही खाणार तो. मला वाटतं अजून पुष्कळ दिवस नाही खाणार. मी रोज कॉल करतो.”

“हो रे राजा,” सिस्टर म्हणाल्या. “मलाही तसंच वाटतंय.”